सशाच्या पिंजऱ्याचा वास दोन दिवसांत परत येतो? आधी ट्रेमधला पांढरा थर बघा

रविवारी सकाळी पिंजरा घासूनपुसून लख्ख करायचा आणि मंगळवारी संध्याकाळी कामावरून येऊन दार उघडलं की पुन्हा तोच नाकाला झोंबणारा वास. गेल्या पावसाळ्यात जून ते ऑगस्ट आमच्याकडे हेच चाललं होतं. आम्ही कळव्याला, खारेगावात राहतो. खाडी जवळ, त्यामुळे पावसाळ्यात कपडेही दोन-दोन दिवस वाळत नाहीत. घरात मी, नवरा, माझे वडील, आठवीतली मुलगी आणि चिकू. चिकू हा आमचा ससा, तीन वर्षांचा, रंगाने सोललेल्या चिकूसारखा. त्याचा पिंजरा बंद गॅलरीत असतो.

एके दिवशी शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अगं, तुमच्या गॅलरीच्या बाजूने काहीतरी उग्र येतंय गं. पाइप चोंदलाय का बघ जरा." काकूंनी काळजीने विचारलं होतं, पण मला फार लागलं. त्याच सकाळी सहाला उठून मी तो ट्रे धुतला होता. मला वाटायचं, आपण कमी घासतो, अजून जोर लावायला हवा. खरी गोष्ट अशी निघाली की मी घासत होते खूप, पण वास ज्यात मुरला होता ती वस्तू साबणाने निघणारीच नव्हती.

जे लोक पिंजरा नियमित साफ करतात आणि तरीही वासाने हैराण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आठवडा-आठवडा ट्रे बदलला जात नसेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही, आधी तो रोज बदला.

वास कसला आहे ते ओळखा

सगळे वास एक नसतात, आणि उपाय वासावर ठरतो. नाकात झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा वास असेल तर तो अमोनियाचा. सार्वजनिक मुतारीत येतो तो हाच. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास असेल तर गवताला बुरशी लागली आहे. आणि सडका, आंबूस वास असेल तर बहुधा खायचे राहिलेले भाजीचे देठ तरी पिंजऱ्यात आहेत किंवा सशाच्या रात्रीच्या मऊ लेंड्या पडून राहिल्या आहेत.

या मऊ लेंड्या म्हणजे द्राक्षांच्या बारीक घोसासारख्या, चकचकीत, चिकट. ससा त्या एरवी थेट खातो, त्याच्या पचनाचा तो भागच आहे. नेहमीच्या कोरड्या गोल लेंड्यांना जवळजवळ वास नसतो. घोस पिंजऱ्यात वरचेवर दिसायला लागले तर सफाई वाढवून उपयोग नाही. पेलेट (दुकानातलं दाणेदार खाद्य), केळं, बिस्किटं जास्त होत असतील ती कमी करा. ससा लठ्ठ झाला असेल किंवा त्याला वाकताना दुखत असेल, तरीही तो त्या खाऊ शकत नाही.

आपलं नाक या बाबतीत फसवतं. घरात दहा मिनिटं बसलं की वास जाणवेनासा होतो. म्हणून बाहेरून आल्या-आल्या, चपला काढायच्या आधी, थेट पिंजऱ्यापाशी जा आणि खाली वाकून ट्रेच्या उंचीवर नाक न्या. सशाचं नाक दिवसभर ट्रेपासून चार बोटांवर असतं आणि तो श्वास नाकानेच घेतो. अमोनियाने त्याच्या नाकाचं आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटतं आणि मग जंतूंना आयती वाट मिळते. चिकू तेव्हा दिवसातून चार-पाचदा शिंकायचा. मी ते गवताच्या धुळीवर ढकलत राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

फिनेल, सोडा आणि अगरबत्ती का चालत नाहीत

मी हे तिन्ही केलं. फिनेलने फरशीचा वास जातो म्हणून ट्रेही फिनेलने पुसला. दोन तास बरं वाटलं, मग फिनेल आणि मूत असा दोन्हींचा मिळून वास. शिवाय ससा ट्रेमध्ये बसतो, पंजे चाटतो, ट्रेची कड कुरतडतो. फिनेल त्याच्या पोटात जाणारच. डांबरगोळ्या तर पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नकोत. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री, सिट्रोनेला या गोष्टी नैसर्गिक म्हणून विकल्या जातात, पण नैसर्गिक म्हणजे सशाला निरुपद्रवी असं नाही. अगरबत्ती, धूप, ऊद यांच्या धुराने तर आधीच चिडलेलं नाक आणखी चिडतं.

खायच्या सोड्याचं मला नवल वाटलं, कारण तो सगळेच सुचवतात. सोडा फ्रिजमधला आंबूस वास खातो हे खरं, कारण ते वास आम्लाचे असतात. अमोनिया मात्र स्वतःच अल्कधर्मी आहे आणि सोडाही त्याच बाजूचा, तो अमोनियाचं काय करणार? तिथे आम्लच हवं. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेस काढायचा प्रकारही करू नका. फेस बघायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात राहतं ते खारट पाणी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ब्लीच, ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं कुठलंही औषध मूत असलेल्या ट्रेवर ओतू नका, आणि व्हिनेगर किंवा संडास धुवायच्या ॲसिडबरोबर तर मुळीच नको. अमोनियाशी क्लोरीनचा संबंध आला की क्लोरामाइनचा वायू सुटतो, आम्लाशी आला की थेट क्लोरीन. बंद न्हाणीघरात माणसाचाही जीव घाबरा होतो.

लिंबाचा थेंब

ट्रेच्या ज्या कोपऱ्यात चिकू बसतो तिथे एक पांढुरका, खरखरीत थर होता. मला वाटायचं, टँकरच्या पाण्याचे क्षार असतील, बादलीला बसतात तसे. मुलगी तारेच्या घासणीने तो घासायची, थोडा निघायचा, बाकी राहायचा.

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आहेत. एका दुपारी ते ट्रे घेऊन खिडकीपाशी बसले. नखाने तो थर खरवडला, दोन बोटांत चुरला. रांगोळीसारखी बारीक पूड पडली. मग मला म्हणाले, "अर्धं लिंबू दे गं." मी म्हटलं, "बाबा, लिंबाने वास जातो का? मी ते करून बघितलंय." ते काही बोलले नाहीत. थरावर लिंबाचे चार थेंब पिळले आणि ट्रे माझ्या कानाशी धरला. बारीक चुरचुर ऐकू येत होती, सोड्याची बाटली उघडल्यावर येते तशी. थेंबांत बुडबुडे उठत होते.

"चुना आहे हा," बाबा म्हणाले. "संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडलं की डाग का पडतो? तेच हे. साबणाने चुना निघतो का कधी?"

सशाच्या शरीराची गंमत अशी की तो खाण्यातलं कॅल्शियम जवळजवळ जसंच्या तसं शोषून घेतो आणि जास्तीचं मूत्रावाटे बाहेर टाकतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत कॅल्शियमचा २ टक्क्यांहून कमी भाग मूत्रातून जातो, सशात तो ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत असतो. म्हणून निरोगी सशाचं मूतसुद्धा कधीकधी गढूळ, ताकासारखं दिसतं आणि वाळलं की मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. रोज थोडं थोडं. त्या थराला बारीक छिद्रं असतात, त्यांत नवं मूत मुरतं आणि जंतू घर करतात. हे जंतू मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात. ताज्या मुताला एवढा वास नसतो, काही तासांनी तो झोंबायला लागतो, याचं कारण हेच. आपण वरून साबण लावतो, पाणी मारतो, वरचं सगळं स्वच्छ होतं, आणि थराच्या आत जंतू सुखरूप असतात. ताजं मूत पडलं की दोन दिवसांत पुन्हा तेच. पावसाळ्यात ट्रे पुरता कधी वाळतच नाही, त्यामुळे त्यांना रानच मोकळं.

मुलीच्या तारेच्या घासणीने आणखी एक नुकसान केलं होतं. प्लास्टिकवर बारीक चरे पडले होते आणि नवा थर त्या चऱ्यांत आणखी घट्ट धरत होता. तुमचा ट्रे खूप चरलेला असेल तर पहिला खर्च नव्या ट्रेवर करा. पेट शॉपमधलाच हवा असं नाही. आम्ही स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून प्लास्टिकचे दोन उथळ टब आणले.

थर काढायची रीत

ससा आधी दुसऱ्या खोलीत, दार लावून. व्हिनेगरचा वास त्याला सहन होत नाही आणि ओल्या ट्रेजवळ त्याने येऊ नये.

रद्दी, गवत, लेंड्या सगळं झटकून टाका, पण पाणी मारू नका. ट्रे ओला केला की आम्ल पातळ होतं आणि काम मंदावतं. जाड पापुद्रे जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून घ्या. मग साधं पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात बाटलीत मिळतं ते, त्यात साधारण ४ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. थरावर ते पाणी न मिसळता वापरायचं. जुन्या पंचाचा तुकडा चारपदरी घडी करून व्हिनेगरमध्ये भिजवा आणि थरावर दाबून ठेवा. नुसतं शिंपडलं तर ते ओघळून जातं, फडक्याने ते जागेवर धरून राहतं. अर्ध्या तासाने उचलून बघा. बुडबुडे थांबलेत पण पांढरं शिल्लक आहे, म्हणजे तिथलं आम्ल संपलं. पुन्हा भिजवा. आमच्या पहिल्या वेळेस चार फेऱ्या लागल्या आणि शेवटची घडी रात्रभर ठेवावी लागली. सकाळी फडकं उचललं तर खालचा निळा रंग दिसला. तो ट्रे निळा आहे हे मी विसरूनच गेले होते.

थर सैल झाला की काथ्याने घासा, चरे पडत नाहीत. दोनदा भरपूर पाण्याने धुवा. ट्रे तेलकट, चिकट वाटत असेल तर रात्री भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी लावून पुन्हा धुवा, पण रिठे आम्लानंतर, आधी नाही. रिठ्याने मळ निघतो, चुना नाही. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणीही अनेक जण वापरतात. त्यानेही चुना विरघळत नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

व्हिनेगरचा वास घरात कुणाला नको असेल तर लिंबूसत्त्व घ्या. लिटरभर कोमट पाण्यात चार पोह्याचे चमचे पुरतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका. खरं लिंबू मी फक्त खूण पटवायला वापरते. त्यात साखर असते, नीट धुतलं गेलं नाही की मुंग्या लागतात. तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने निघतात म्हणून त्यांचा कोळ लावायचा विचार माझ्याही मनात आला होता. आम्ल त्यांत आहे, पण गर चऱ्यांत अडकतो आणि पावसाळ्यात त्यालाच बुरशी येते.

दोन ठिकाणी आम्ल जपून. पहिलं म्हणजे पिंजऱ्याची जाळी. ती बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असते आणि आम्ल जस्त खातं. मुलामा गेला की गंज चढतो, आणि ससा तीच तार कुरतडतो. म्हणून जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची नाही, अर्ध्या पाण्याच्या व्हिनेगरने फडकं पिळून पुसायची आणि लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडी करायची. दुसरी म्हणजे फरशी. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर हे सगळे चुन्याच्याच जातीचे दगड. ट्रेमधला चुना जसा विरघळतो तशी फरशीही विरघळते. आमच्या गॅलरीत कोटा आहे. पहिल्या दिवशी व्हिनेगर सांडलं तिथे आज निस्तेज गोल डाग आहे. ट्रे मोरीत न्या, किंवा मोठ्या घमेल्यात ठेवून तिथेच काम करा.

हा मोठा कार्यक्रम एकदाच. नंतर आठवड्यातून एकदा, अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर फवारून दहा मिनिटं ठेवलं की पुरतं, कारण थर जाड व्हायला वेळच मिळत नाही.

वाळवणं हे निम्मं काम

थर गेल्यावर वास पुष्कळ कमी झाला, पण अजून थोडा राहिला होता. कारण मी ओला ट्रे तसाच पिंजऱ्यात घालत होते. उन्हाळ्यात गॅलरीत दोन तास ऊन मिळतं, तेवढ्यात ट्रे कडकडीत वाळतो. जुलैत ऊनच नाही. म्हणून दोन ट्रे घेतले, आणि मला वाटतं आमचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो यामुळे. एक पिंजऱ्यात, एक वाळत. धुतलेला ट्रे कोरड्या सुती कापडाने पुसून पंख्याखाली उभा करून ठेवायचा, पालथा नाही, पालथ्याच्या आत दमट हवा कोंडते. दुसऱ्या दिवशी सकाळी हात फिरवून बघायचा. थंडगार लागला म्हणजे ओल आहे.

पाण्याची बाटली ठिबकते का तेही बघा. आमची रात्रभर थेंब थेंब गळायची आणि सगळं मुतावर जायचं. आता जड मातीचं भांडं ठेवतो. ससा भांड्यातून पाणी जास्तही पितो, त्यामुळे मूत पातळ होतं आणि चुना कमी साचतो.

पिंजऱ्याखाली प्लायवूडची फळी असेल तर मात्र मी हात जोडते, ती काढून टाका. लाकडात मूत खोल शिरतं, व्हिनेगर तिथवर पोचत नाही आणि प्लाय फुगतं. खाली एखादी उरलेली सिरॅमिक टाइल ठेवलेली बरी, ती मूत पीत नाही.

सगळाच वास काढू नका

थर गेल्याच्या आनंदात मी एका रविवारी ट्रे, जाळी, चिकूची गोधडी, लपायचं खोकं, सगळं एकदम धुतलं. संध्याकाळपर्यंत चिकूने चारही कोपऱ्यांत, खोक्यावर आणि गॅलरीच्या दारावर मूत टाकलं. सशाला आपली जागा वासावरून कळते. वास गेला की त्याला जागा परकी वाटते आणि तो पुन्हा खुणा करत सुटतो. आता ट्रे धुतला तर त्या दिवशी गोधडी धुवत नाही. आणि स्वच्छ ट्रेमध्ये आदल्या दिवशीच्या मूठभर लेंड्या आणि ओल्या रद्दीचा एक तुकडा त्याच्या कोपऱ्यात परत ठेवते. तो सरळ तिथेच जाऊन बसतो.

त्या कोपऱ्यावर टांगत्या टोपलीत सुकं गवत ठेवलं की आणखी सोपं होतं. सशाला खाता खाता शू-शी करायची सवय असते, त्यामुळे सगळं एका जागी पडतं.

ट्रेमध्ये आम्ही फाडलेली रद्दी तीन बोटं जाड टाकतो आणि वर थोडं गवत. रद्दी ओल शोषते, पण वास दाबत नाही, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ बदलावी लागते. कागदाच्या दाबलेल्या गोळ्या जास्त टिकतात, महागही पडतात. सुताराकडचा भुसा मी एकदा आणला होता. त्यात प्लायचा गोंद आणि धूळ होती, चिकूच्या शिंका वाढल्या, परत केला नाही, फेकला. पाइन आणि देवदार यांच्या वासाच्या ढलप्याही नकोत, त्यांतल्या सुगंधी द्रव्यांचा यकृतावर ताण येतो. मांजरांसाठीची, ओली होऊन गोळा होणारी माती तर अजिबात नको. ससा ती चाखून बघतो आणि ती आतड्यातही तशीच गोळा होते.

खाण्यातून काय बदललं

चिकूला बाबा रोज प्रेमाने शेवग्याचा पाला आणि कढीपत्ता द्यायचे, आणि लसूणघासही असायची. तिन्हींत कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला लसूणघास ठीक, मोठ्या सशाला रोज नको. आता साधं सुकं गवत हेच मुख्य, कोथिंबीर आणि इतर पाला थोडा थोडा बदलून. कॅल्शियम पूर्ण तोडायचं नाही, दात आणि हाडांना ते लागतंच. गढूळ मूत अधूनमधून दिसणं साहजिक आहे. पण मूत टूथपेस्टसारखं घट्ट यायला लागलं, ससा कुंथतोय, ढुंगणाखालची लव कायम ओली आहे, असं दिसलं तर मूत्राशयात गाळ साचलेला असू शकतो. तिथे व्हिनेगरचं काही काम नाही, सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जायला हवं. मूत अधूनमधून नारिंगी-लाल दिसलं तर लगेच घाबरू नका, सशात रंगद्रव्यांमुळे तसं होतं. शंका असेल तर तपासून घ्या, रक्त आहे की रंग हे साध्या तपासणीत कळतं.

सुकं गवत आता आगोटीच्या सामानात धरते. मिरची-हळद भरून ठेवतो तेव्हाच, मेमध्ये, कडक ऊन असताना चिकूचं गवत उन्हात एक दिवस खाली-वर करून मग जुन्या सुती उशांच्या अभ्र्यांत भरते आणि कपाटाच्या वर ठेवते, फरशीवर नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलं की आतल्या आत घाम येतो आणि बुरशी धरते. मुठीत घेतलेलं गवत कुस्करल्यावर कुरकुर वाजलं पाहिजे. मऊ पडलं आणि करडी धूळ उडाली तर सगळं टाकून द्या, वाळवून वापरू नका. पावसाळ्यात बाजारातून ओलं गवत किंवा हरळी आणली तर धुऊन, पाणी पूर्ण निथळून, त्या दिवसापुरतीच.

एवढं करूनही वास राहिला तर

नर ससा चार ते सहा महिन्यांचा झाला की मूत उडवायला लागतो, भिंतीवर, पिंजऱ्याच्या बाजूंवर, माणसांच्या पायांवरसुद्धा. त्या मुताला वासही जास्त येतो. ट्रे कितीही साफ असला तरी जाळीच्या मागच्या भिंतीवर दीड फूट उंचीपर्यंत शिंतोडे असतात, ते बघा आणि अर्ध्या पाण्याच्या व्हिनेगरने पुसा. टिकाऊ उपाय म्हणजे नसबंदी. चिकूची सहाव्या महिन्यात केली, दीड-दोन महिन्यांत उडवणं जवळजवळ थांबलं.

पिंजरा स्वच्छ, ट्रे कोरडा, तरी गोडसर कुजका वास येतोय आणि तो सशाच्या अंगालाच येतोय, तर वेळ घालवू नका. पावसाळ्यात माश्या ओल्या, घाण लागलेल्या लवेत अंडी घालतात आणि ती एका दिवसाच्या आत फुटून अळ्या कातडीत शिरतात. म्हातारे आणि लठ्ठ ससे मागची बाजू नीट चाटू शकत नाहीत, त्यांना धोका जास्त. जून ते ऑक्टोबर आम्ही रोज रात्री चिकूला मांडीवर घेतो, मुलगी टॉर्च धरते आणि मी शेपटीच्या खालची लव बाजूला करून बघते. एक मिनिट लागतं. तांदळाच्या कणीसारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर ती अंडी. अळी दिसली तर ती रात्रही थांबायचं नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. गॅलरीच्या खिडकीला बारीक जाळी लावून घेतली तर माश्या आणि डास दोन्ही थांबतात, हवाही खेळती राहते.

शिंका थांबल्या नाहीत, नाकातून पांढरट स्राव येतोय, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूची लव चिकटून गेली आहे, तेव्हाही पशुवैद्यच. ससा नाक पंजांनी पुसतो, म्हणून खूण आधी तिथे दिसते. आमच्या चिकूच्या शिंका थर काढल्यानंतर आठवडाभरात कमी होत गेल्या. पंजे बघायची सवय आम्ही तेव्हापासून ठेवली आहे. रात्री लव बघून झाली की मुलगी टॉर्च बंद करायच्या आधी त्याचे दोन्ही पुढचे पंजे उलटे करून बघते.